हार्मोन्ससाठी स्मूदी: मी काय घालते आणि काय घालत नाही

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळच्या शिफ्टला फास्टिंगची सॅम्पल्स घ्यायची असतात आणि त्यात बायकांच्या हार्मोन्सच्या तपासण्या भरपूर असतात. थायरॉइडसाठी टीएसएच, पाळी आणि स्त्रीबीजाशी निगडित प्रोलॅक्टिन, एलएच आणि एफएसएच, शिवाय टेस्टोस्टेरॉन. सुई काढून कापूस दाबून धरला की पुष्कळ जणी विचारतात, "हार्मोन्ससाठी सकाळी कुठली स्मूदी घेऊ?" काही जणी फोन पुढे करून रेसिपीही दाखवतात. मला स्वतःला पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) आहे, ताईचं थायरॉइड कमी काम करतं, आईची पाळी जाऊन काही वर्षं झाली, आणि आमच्या घरचा मिक्सर रोज सकाळी या तिघींसाठी फिरतो. त्यामुळे या प्रश्नावर मला सांगण्यासारखं बरंच आहे, पण मागे रांग उभी असताना दोन वाक्यांपलीकडे बोलणं होत नाही. म्हणून इथे लिहितेय.

सगळ्यात आधी, स्मूदीने हार्मोन्स 'बॅलन्स' होत नाहीत. तसा एकच एक ठरलेला बॅलन्स शरीरात नसतोच. पाळीच्या तिसऱ्या दिवशी रक्तात जेवढं इस्ट्रॅडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, असतं, त्याच्या कितीतरी पट ते स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या जरा आधी असतं, आणि दोन्ही आकडे नॉर्मलच असतात. म्हणून तर एफएसएच आणि एलएचसाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त द्यायला सांगतात. पाळीची तारीख माहीत नसेल तर त्या आकड्यावरून फारसं काही सांगता येत नाही. जी गोष्ट दर आठवड्याला वरखाली व्हायलाच हवी, ती एका ग्लासाने एका जागी कशी बसवणार?

तरी मी रोज स्मूदी करते आणि इतरांनाही करा म्हणते. कारण नीट केलेली स्मूदी हा सकाळच्या घाईत जमणारा भरभक्कम नाश्ता आहे, आणि सकाळी पोटात काय जातं याचा हार्मोन्सशी खरोखर संबंध आहे. तो संबंध इन्सुलिनमधून जातो.

पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयातल्या थीका पेशींना जास्त अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन्स, बनवायला लावतं. दुसरीकडे यकृतात तयार होणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन त्याच इन्सुलिनमुळे कमी होतं. एसएचबीजीचं काम टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवायचं. धरणारं कमी झालं की रक्तात मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, आणि मग हनुवटीवर जाड केस येतात, जबड्याच्या कडेने पिंपल्स येतात, पाळी लांबत जाते. हे सगळं मी पुस्तकात वाचायच्या आधी आरशात पाहिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. म्हणजे कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही वर्गात अशा कितीतरी जणी 'माझं वजनच हट्टी आहे' असं समजून स्वतःला दोष देत बसलेल्या असतात. मला याचं फार वाईट वाटतं.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी बऱ्याच जणींना सांगते. पीसीओएस असलेल्या पण वजन जास्त नसलेल्या ६० स्त्रिया त्यात होत्या. सगळ्यांना दिवसभरात साधारण १८०० कॅलरीच द्यायच्या होत्या, पण एका गटाला त्यातल्या ९८० सकाळी आणि १९० रात्री, तर दुसऱ्या गटाला नेमकं उलट. ९० दिवसांनी सकाळी भरपूर खाणाऱ्या गटात मोकळं टेस्टोस्टेरॉन जवळपास निम्म्यावर आलं, एसएचबीजी दुपटीच्या पुढे गेलं आणि स्त्रीबीज तयार होण्याचं प्रमाणही वाढलं. अभ्यास लहान आहे, आणि ९८० कॅलरींचा नाश्ता रोज करा असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्यावरून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. सकाळी उपाशी राहून किंवा नुसत्या कॉफीवर दुपार गाठायची आणि सगळी भूक रात्री भागवायची, हा क्रम आपल्यासारख्यांना सोसत नाही.

आणि म्हणूनच 'डिटॉक्स'च्या नावाखाली काकडी, पालक, लिंबू आणि पाणी फिरवून पिणं मला पटत नाही. त्या ग्लासात १०० कॅलरीही भरत नाहीत. शरीराला बरेच दिवस पुरेसं अन्न मिळालं नाही तर मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच सोडण्याची गती मंद करतो. एलएच आणि एफएसएच सोडायचा इशारा याच हार्मोनकडून मिळतो. त्यामागोमाग एलएच घटतं, स्त्रीबीज तयार होणं थांबतं आणि पाळीच बंद पडते. भरपूर धावणाऱ्या, खेळणाऱ्या, नाचणाऱ्या आणि त्या मानाने कमी खाणाऱ्या मुलींमध्ये हे होतं. त्यांची पाळी यायला हवी असेल तर ग्लासातून काही काढायचं नसतं, ग्लासात भर घालायची असते.

आता माझा ग्लास. मिक्सरच्या भांड्यात आधी पातळ पदार्थ जायला हवा, नाहीतर पातं कोरड्यात अडकतं आणि मोटर नुसती घरघरते. २०० मिली दूध ओतते. त्यावर साधारण १०० ग्रॅम पाणी निथळलेलं घट्ट दही. मग दोन मोठे चमचे ओट्स, जे मी रात्रीच थोड्या दुधात भिजत घालते. दोन मोठे चमचे भोपळ्याच्या बिया. एक मोठा चमचा जवसाची पूड. शेवटी मूठभर गोठवलेल्या बेरी, स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरी, हाताशी असतील त्या. आधी दोन-तीन वेळा पल्सवर थांबत थांबत, मग अर्धा-पाऊण मिनिट सलग. बेरी गोठवलेल्या असल्यामुळे बर्फ लागत नाही, आणि बर्फाने येतो तो पाणचटपणाही येत नाही. साखर, मध, सिरप यातलं काही घालत नाही.

यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं होतात. दुधाची साडेसहा, घट्ट दह्याची नऊ-दहा, बियांची पाच-सहा, उरलेली ओट्स आणि जवसाची. फायबर सहा-सात ग्रॅम. कॅलरी ४०० ते ४५०. आकडे मुद्दाम देतेय, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक 'हार्मोन स्मूदी'त प्रथिनं पाच-सहा ग्रॅमच्या वर जात नाहीत. नावं सगळी भारी असतात आणि पोट दोन तासांत रिकामं. घट्ट दही वगळून साधं दही घातलं तर प्रथिनं एकदम खाली येतात, कारण १०० ग्रॅम साध्या दह्यात ती साडेतीनच्या आसपास असतात. दूधदुभतं चालत नसेल तर सोया दूध घ्या, एका कपात सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि दह्याऐवजी मऊ टोफू घाला. बदामाच्या तयार दुधात मात्र बदाम अगदी थोडे असतात. बहुतेक पाकिटांवर कपाला एक ग्रॅम प्रथिन लिहिलेलं दिसेल. तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचाच.

ही स्मूदी मी घटाघट पीत नाही. वाडग्यात घेऊन चमच्याने खाते. वरून थोड्या बिया अख्ख्या टाकते, म्हणजे चावणं होतं. पातळ आणि पटकन प्यायलेल्या अन्नाने पोट भरल्याची जाणीव कमी होते. दाट असेल, सावकाश खाल्लं असेल, तर मला दुपारच्या जेवणापर्यंत बिस्किटांचा पुडा आठवत नाही.

जवसाबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण हा एक पदार्थ सगळ्यात जास्त चुकीच्या पद्धतीने वापरला जातो. अख्खं जवस वरून भुरभुरलेलं छान दिसतं, पण त्याचं बाहेरचं कवच इतकं चिवट आणि गुळगुळीत असतं की बरेचसे दाणे जसे गिळले तसेच शरीराबाहेर पडतात. स्मूदीच्या मोठ्या भांड्यात ते नीट दळलेही जात नाहीत, पात्याला चुकवून कडेकडेने फिरत राहतात. म्हणून मी छोट्या भांड्यात, कोरडं, थांबत थांबत दळते. सलग फिरवलं तर भांडं तापतं, जवसाला तेल सुटतं आणि पूड तळाशी घट्ट बसते. पूड हाताला किंचित ओलसर आणि मऊ लागायला हवी. दळल्यावर ती हवेने आणि उजेडाने लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतीच करते आणि हवाबंद बरणीत फ्रीजमध्ये ठेवते. खराब झाली की नाही हे नाकाला लगेच कळतं. ताज्या पुडीला सुकामेव्यासारखा मंद वास असतो, खवट झालेलीला ऑइल पेंटचा. तसा वास येणं साहजिकच आहे, कारण ऑइल पेंटमध्ये जवसाचंच तेल असतं.

एक मोठा चमचा पूड म्हणजे साधारण ७ ग्रॅम. त्यात जवळपास २ ग्रॅम फायबर आणि दीड ग्रॅमहून थोडं जास्त एएलए नावाचं ओमेगा-३ असतं. स्त्रियांना एएलए दिवसाला १.१ ग्रॅम पुरेसं मानतात, म्हणजे एका चमच्यात दिवसाचं काम झालं. पण हार्मोन्सच्या बाबतीत जवसाचं नाव होतं ते त्यातल्या लिग्नान नावाच्या वनस्पतिजन्य घटकामुळे. आपल्या आतड्यातले जिवाणू या लिग्नानपासून एंटेरोलॅक्टोन आणि एंटेरोडायॉल बनवतात, आणि हे पदार्थ इस्ट्रोजेनसारखे, पण फार सौम्यपणे वागतात. शिवाय यकृताने पित्तातून आतड्यात सोडलेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जात असतं. पोट नियमित साफ असेल आणि जेवणात फायबर असेल तर त्यातलं जास्त इस्ट्रोजेन बाहेर पडतं. १९९३ मधल्या एका लहानशा अभ्यासात पाळी नियमित असलेल्या १८ स्त्रियांना रोज १० ग्रॅम जवसाची पूड दिली होती. त्या महिन्यांत स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ सरासरी दिवसभराने वाढला. एवढंच. मोठा चमत्कार नाही, पण दीड चमचा पुडीने एवढा फरक दिसावा याचं मला कौतुक वाटतं. फायबर वाढवलं की पाणीही वाढवा, नाहीतर पोट उलट गच्च होतं. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर जवस सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

यावरूनच 'सीड सायकलिंग'चा प्रश्न येतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, मग उरलेले दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. मी हे वेळापत्रक पाळत नाही. बिया अशा ठरावीक आठवड्यांना खाल्ल्या म्हणून हार्मोन्स त्याप्रमाणे चालतात याला भक्कम पुरावा नाही, आणि पीसीओएसमध्ये ज्यांची पाळी दोन-दोन महिने येत नाही त्यांनी चौदा दिवस मोजायचे तरी कुठून? बिया मात्र जरूर खा. भोपळ्याच्या बियांत मॅग्नेशियम उत्तम असतं, मोठे तीन चमचे म्हणजे साधारण १५० मिलिग्रॅम, शिवाय जस्त आणि लोहही. चव बदलावी म्हणून मी एखाद्या आठवड्यात सूर्यफुलाच्या घालते.

केळं कुठे गेलं, असं वाटलं असेल. बेरींसोबत मी केळं घालत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की केळं घातलेली स्मूदी प्यायल्यावर फ्लॅव्हनॉल्स (बेरी, कोको यांतले उपयुक्त वनस्पतिजन्य घटक) शरीरात फारच कमी पोहोचली, तुलनेसाठी दिलेल्या कॅप्सूलपेक्षा ८४ टक्के कमी. बेरींच्या स्मूदीने तसं झालं नाही. केळ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. कापलेलं केळं ज्याच्यामुळे काळं पडतं तेच हे. मिक्सरमध्ये फिरल्यावर ते बेरींमधल्या फ्लॅव्हनॉल्सवरच काम करायला लागतं. यात केळ्याचा काही दोष नाही, ते चांगलंच फळ आहे. मी त्याला वेगळा दिवस देते. अर्धं केळं, एक मोठा चमचा पीनट बटर, तेच दूध आणि दही, चिमूटभर दालचिनी. ताईला हीच जास्त आवडते. 

फळ कितीही चांगलं असलं तरी एका ग्लासात एकच मूठ. दोन केळी, एक सफरचंद, वर संत्र्याचा रस आणि मध, अशी स्मूदी म्हणजे साखरेचं पाणी झालं. स्मूदीत फळाचं फायबर राहतं, रस गाळला की ते गाळणीत उरतं, म्हणून रस मी ग्लासात घेतच नाही. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर, मध आणि सिरप हे सगळं वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजते, आणि ती शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. एवढी तर रसाच्या एका मोठ्या ग्लासातच होते. पीसीओएस असलेल्यांसाठी एक दिलासा मात्र आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीओएससाठी कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरलेला नाही. ग्लूटेन सोडा, दूध सोडा, भात-पोळी सोडा, असं कुणी धमकावून सांगत असेल तर घाबरू नका. जे वर्षानुवर्षं निभेल ते खा.

आता ताईचं. ताईचा टीएसएच काही महिन्यांपासून वर सरकत होता, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन तिला कमी पडत होतं. गोळी तीच, डोस तोच, वजनही तेवढंच. एकदा सकाळी मी स्वयंपाकघरात होते तेव्हा तिने स्मूदीचा ग्लास उचलला, गोळी तोंडात टाकली आणि त्याच घोटाबरोबर गिळली.

"ताई, गोळी रोज अशीच घेतेस?"

"हो मग. पाण्यापेक्षा हे बरं. दोन्ही कामं एकदम."

थायरॉइडची ही गोळी, लिव्होथायरॉक्सिन, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि नंतर नाश्त्याला अर्धा ते एक तास थांबायचं असतं. दुधातलं कॅल्शियम, ओट्स आणि जवसाचं फायबर, सोया, कॉफी, हे सगळं त्या गोळीचं शोषण कमी करतं. म्हणजे ग्लास जितका पौष्टिक, तितकी गोळी वाया. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये तर चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. ताईने उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी, मग तासाभराने स्मूदी असा क्रम केला. डॉक्टरांनी सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायला सांगितला, आणि डोस न वाढवता तो खाली आला. त्या दिवशी रिपोर्ट मीच छापला. थायरॉइडसाठी स्मूदीत काय घालू असं मला कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारते, गोळी आणि स्मूदी यांच्यात किती वेळ जातो?

थायरॉइडसाठी म्हणून ब्राझील नट्स घालणाऱ्या आहेत, सेलेनियमसाठी. एक नट पुष्कळ झाला. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतं आणि तेवढं एका नटमधूनही मिळू शकतं. ४०० ही वरची मर्यादा आहे. मूठभर रोज घातले तर केस गळायला लागतात, ज्यासाठी सुरू केले त्याच्या अगदी उलट.

पावडरींबद्दल मला तळमळून सांगायचंय. स्मूदीत एक चमचा 'हेअर, स्किन, नेल्स' किंवा 'हार्मोन सपोर्ट' पावडर घालण्याची पद्धत पडली आहे. यातल्या बऱ्याच पावडरींमध्ये बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व असतं, ५ मिलिग्रॅम, कधी १० मिलिग्रॅम. दिवसाला लागतं ते ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे शेकडो पटींनी जास्त. लॅबमधल्या बऱ्याच हार्मोन तपासण्यांची पद्धतच बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीवर चालते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-४ हे थायरॉइडचं हार्मोन खोटं जास्त. कागदावर थायरॉइड जोरात चाललेलं दिसतं आणि बाई ठणठणीत असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिला खरं तर कमी थायरॉइड असतं आणि तिचा डोस आणखी घटवला जातो. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद करा, आणि रक्त देताना टेक्निशियनला पावडरीचं नाव सांगा. आम्ही विचारतो तेव्हा "काही घेत नाही" असं उत्तर येतं, कारण पावडर कुणाला औषध वाटतच नाही. ज्या डब्यावर दहा वनस्पतींची नावं आहेत पण कशाचं किती ते लिहिलेलं नाही, तो डबा ग्लासाजवळही नेऊ नका.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला अशी पावडर विकणाऱ्या बाईने सांगितलं, की आता पाळीसाठीच्या गोळ्या बंद केल्या तरी चालतील. तिने केल्या. मग चार महिने पाळी नाही, आणि आली तेव्हा थांबेना. नाश्ता नाश्त्याच्या जागी आणि औषध औषधाच्या जागी. पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांपलीकडे सारखी जात असेल, तीन महिने आलेली नसेल, तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर रेसिपी शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा. शेवटची गोष्ट तर एकदाच, थेंबभर झाली तरी.

आईचा ग्लास वेगळा असतो. "मला पालकाचा हिरवा रंग सकाळी सकाळी नको," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, त्यामुळे तिच्यातही पालक नाही. सोया दूध, टोफू, कोको, थोडे भिजवलेले बदाम, चवीला एक खजूर. पाळी जाताना आणि गेल्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने कमी होते. म्हणून या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्हींकडे बघावं लागतं. पन्नाशीनंतर कॅल्शियम दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगतात. सोया दूध घेताना कॅल्शियम घातलेलंच घ्या आणि प्रत्येक वेळी पाकीट जोरात हलवा, कारण ते कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर वरच्या ग्लासांत ते फार कमी येतं आणि शेवटच्या ग्लासात पांढरा गाळ येतो. सोयातल्या आयसोफ्लेव्होन्समुळे (हेही इस्ट्रोजेनसारखे, पण सौम्य) काही जणींना अंगातून निघणाऱ्या वाफा थोड्या कमी होतात. आईला झाल्या असं ती म्हणते. बाहेर पडायच्या आत गार ग्लास हातात मिळतो हेही तिला तितकंच बरं वाटतं.

ताईच्या मुलीला पाळीत रक्तस्राव जास्त होतो आणि तिचं हिमोग्लोबिन काठावर असतं. ती शनिवार-रविवार आली की तिच्यासाठी दूध आणि दही दोन्ही वगळते, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. पाण्यात भिजवलेले ओट्स, भोपळ्याच्या बिया, पीनट बटर, सोललेलं अख्खं संत्रं आणि स्ट्रॉबेरी. क जीवनसत्त्वामुळे धान्य आणि बियांतलं लोह चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी तासाभराने. पालकावर फार भिस्त ठेवू नका. मूठभर कच्च्या पालकात लोह एक मिलिग्रॅमही नसतं, आणि आहे त्यातलंही थोडंच अंगी लागतं. पाळी येणाऱ्या बाईला दिवसाला १८ मिलिग्रॅम तरी हवं असतं. मुतखडा होऊन गेलेला असेल तर रोजचा कच्चा पालक टाळाच, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

सकाळी लवकर निघायचं असतं, त्यामुळे रविवारी मी आठवड्याची तयारी करून ठेवते. छोट्या झिपच्या पिशव्यांत एकेका ग्लासाचं सामान, बेरी, बिया वगैरे ज्याचं जे असेल ते, पिशवीवर मार्करने नाव: मी, ताई, आई. पिशव्या फ्रीजरमध्ये आडव्या ठेवते, म्हणजे एकावर एक बसतात आणि बेरींचा गोळा होत नाही. जवस पिशवीत घालत नाही, ते बरणीतून आयत्या वेळी. दही रात्रीच गाळणीत पातळ कापड घालून फ्रीजमध्ये निथळत ठेवते, सकाळपर्यंत सुरीने कापावं इतकं घट्ट होतं. खाली जमलेलं पाणी मी फेकत नाही, तेही पुढच्या रात्री ओट्स भिजवायला वापरते. लॅबमध्ये नेणार असेन तर दूध थोडं जास्त घालते, कारण जवस आणि ओट्स पाणी ओढत राहतात आणि तासाभरात स्मूदी खिरीइतकी दाटते. रुंद तोंडाची बाटली घ्या, झाकण नीट लावा, आणि पर्समध्ये एक चमचा टाकायला विसरू नका.